धातूच्या पोटात डोकावणारे गणित

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





इतिहास-भूगोल शिकविणारा शिक्षक आज वेल्डिंगवर बोलणार, हे कार्यक्रमपत्रिकेत वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. माझ्या नावापुढे बी.ए., बी.एड. आहे, इंजिनिअरची पदवी नाही. तरीही हा विषय मी मुद्दाम निवडला आहे. पालक सभेत एक प्रश्न वारंवार विचारला जातो. "गुरुजी, पोरगा शेवटी वर्कशॉपमध्येच जाणार. मग हे बीजगणित, भूमिती त्याला कुठे उपयोगी पडणार?" प्रश्न प्रामाणिक आहे. त्याला उपदेशाने उत्तर देण्यापेक्षा वर्कशॉपमधल्याच एका कामाचे उदाहरण घेऊन उत्तर द्यावे, असे मला वाटले.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात कोणी ना कोणी वेल्डिंग करणारा आहे. कोणी ग्रील, जिने, पाण्याच्या टाक्या बनवितो. कोणी आखातात जाऊन पाइपलाइनवर राबला आहे. ठिणगीचा लख्ख उजेड, धूर, आणि काळी काच न लावता पाहिले तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी होणारी जळजळ, हे त्या घरांना सांगावयास नको. या नेहमीच्या वेल्डिंगमध्ये धातू वितळतो, एकमेकांत मिसळतो आणि थंड होऊन घट्ट होतो. लोखंडाला हे चांगले मानवते. ॲल्युमिनियमला तितकेसे मानवत नाही.

याला कारणे आहेत. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते, पण त्याच्या अंगावर जो ऑक्साइडचा पातळ थर असतो तो वितळावयास दोन हजार अंशांहून अधिक उष्णता लागते. म्हणजे आतला धातू पाणी झाला तरी वरची साल तशीच! शिवाय वितळलेले ॲल्युमिनियम हवेतील ओलाव्यातला हायड्रोजन शोषून घेते आणि थंड होताना तो वायू बुडबुड्यांच्या रूपाने आतच अडकतो. विमानांसाठी वापरावयाच्या काही मजबूत मिश्रधातूंना तर थंड होतानाच चिरा पडतात. म्हणून विमानाचे पत्रे अनेक वर्षे वेल्डिंगऐवजी रिव्हेट ठोकून जोडले गेले.

मग न वितळविता धातू जोडता येईल काय? आपला गावचा लोहार याचे उत्तर फार पूर्वीपासून जाणतो. दोन लोखंडी तुकडे भट्टीत लाल-पिवळे होईपर्यंत तापवून ऐरणीवर एकावर एक ठेवायचे आणि घणाचे घाव घालायचे; ते एकजीव होतात. दिल्लीचा सुमारे १६०० वर्षांपूर्वीचा लोहस्तंभ असाच लोखंडाचे गोळे तापवून, ठोकून, जोडून उभा राहिला आहे. मऊ करणे आणि दाबणे, एवढेच त्यातले रहस्य.

हेच रहस्य १९९१ साली इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या 'द वेल्डिंग इन्स्टिट्यूट' या संस्थेत वेन थॉमस व त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्या रूपात वापरले. त्या पद्धतीचे नाव 'फ्रिक्शन स्टर वेल्डिंग'. फ्रिक्शन म्हणजे घर्षण आणि स्टर म्हणजे ढवळणे. घर्षणाने मऊ करून ढवळून जोडणे, असे आपण म्हणू.

ती अशी चालते. दोन पत्रे कडेला कड लावून एका पोलादी पाटावर घट्ट आवळून ठेवतात. वरून कठीण पोलादाचे एक हत्यार गरगर फिरत खाली येते. त्याला रुंद सपाट खांदा असतो आणि खांद्याच्या मधोमध छोटी खुंटी असते. या खुंटीला पिन म्हणतात. पिन पत्र्यांच्या सांध्यात शिरते आणि खांदा पत्र्याच्या पृष्ठभागावर टेकतो. घर्षणाने धातू तापतो, मऊ होतो, पण वितळत नाही. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंत हे तापमान साधारणपणे ४०० ते ५०० अंशांच्या आसपास राहते. मग हत्यार फिरत फिरत सांध्यावरून पुढे सरकते, मऊ धातू पुढून मागे नेते आणि मागे खांद्याखाली दाबून बसविते. कणकेचे दोन गोळे हाताच्या दाबाने मळून एक करावेत, तसे हे आहे. ना लखलखाट, ना वेल्डिंगची कांडी.

विद्यार्थी मित्रांनो, आता पेन्सिल हातात घ्या. समजा, हत्यार मिनिटाला ६०० फेरे घेते आणि मिनिटाला १२० मिलिमीटर पुढे सरकते. म्हणजे सेकंदाला १० फेरे आणि २ मिलिमीटर प्रगती. भागाकार करा. एका फेऱ्यात हत्यार ०.२ मिलिमीटर पुढे जाते. जोडलेला पत्रा कापून, घासून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर पुष्कळदा त्यात कांद्याच्या चकतीसारखी वलये दिसतात, आणि त्या वलयांमधले अंतर साधारणपणे एका फेऱ्यातील प्रगतीइतकेच भरते. आपला भागाकार धातूवर लिहिलेला सापडतो!

पुढचा हिशेब करू. खांद्याचा व्यास १८ मिलिमीटर धरा. परीघ सुमारे ५६.५ मिलिमीटर, सेकंदाला १० फेरे. म्हणजे खांद्याची कड सेकंदाला ५६५ मिलिमीटर वेगाने धातूवर घासते. अगदी मध्यबिंदूवर हाच वेग शून्य असतो. म्हणून कडेकडे जास्त उष्णता निर्माण होते आणि रुंद खांदा हाच उष्णतेचा मोठा झरा ठरतो. आता हत्यार फिरवावयास ४० न्यूटन-मीटर एवढा पीळ लागतो असे समजा. पीळ गुणिले फिरण्याचा वेग म्हणजे शक्ती. ४० गुणिले ६२.८, म्हणजे सुमारे २५०० वॅट. हजार वॅटच्या अडीच इस्त्र्या एका रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत टेकल्या आहेत, असे डोळ्यांसमोर आणा. यातील बहुतेक सर्व शक्तीची उष्णता होते.

इथपर्यंतचे गणित आठवी ते दहावीचे आहे. खरा पेच यापुढे आहे.

पेच असा की, जे काही घडते ते झाकलेले घडते. वरून खांदा, खालून पाट आणि मध्ये अपारदर्शक धातू. आत डोळा पोहोचत नाही. तापमान मोजणारी तार ढवळल्या जाणाऱ्या भागात ठेवावी तर धातूबरोबर तीही वाहून जाते किंवा तुटते. म्हणून ती थोड्या अंतरावर किंवा हत्याराच्या आत बसवावी लागते. आणि आत काय घडले यावरच सांध्याचे बरे-वाईट अवलंबून. हत्यार फार वेगाने पुढे नेले, धातू पुरेसा मऊ झाला नाही, तर पिनच्या मागे पोकळी भरून येत नाही आणि सांध्याच्या पोटात लांबच लांब बोगदा राहतो. उलट फार सावकाश नेले, फार तापविले, तर धातू कडेने बाहेर सांडतो आणि आजूबाजूचा पत्रा नरम पडतो. बोगदा असलेला सांधा वरून अगदी गुळगुळीत दिसू शकतो. वरून देखणा, आतून पोकळ! अशा सांध्यावर रेल्वेचा डबा किंवा अग्निबाणाची टाकी कोणी विसंबून सोडील काय?

डोळा जिथे पोहोचत नाही तिथे गणिताला पाठवावे लागते. संगणकावर त्या हत्याराची, पत्र्याची आणि त्यातील घडामोडींची आकड्यांत प्रतिकृती उभी करतात. तिला सिम्युलेशन म्हणतात. नाव भारदस्त असले तरी गाभा वाण्याच्या वहीसारखा आहे. जमा, खर्च आणि शिल्लक.

उदाहरणार्थ, १०० मिलिमीटर लांब, तितकाच रुंद आणि ६ मिलिमीटर जाड पत्रा घ्या. मनाने त्याचे एकेक मिलिमीटरचे चौकोनी ठोकळे पाडा. ठोकळे झाले ६०,०००. आता प्रत्येक ठोकळ्याची वही मांडा. शेजाऱ्याकडून उष्णता किती आली, शेजाऱ्याला किती गेली, घर्षणाने व मळण्याने किती निर्माण झाली. जी शिल्लक राहिली तितके तापमान वाढले. उष्णता कशी वाहते याचा नियम फ्रान्सच्या जोसेफ फूरिए यांनी १८२२ साली ग्रंथरूपाने मांडला. तोच नियम इथे कामी येतो.

पण एवढ्याने भागत नाही, कारण इथे उष्णतेबरोबर धातूही वाहतो. म्हणून दुसरी वही. ठोकळ्यात धातू किती आला, किती गेला, कोणत्या वेगाने, कोणत्या दाबाने. प्रत्येक ठोकळ्यासाठी एक तापमान, एक दाब आणि तीन दिशांचे तीन वेग, असे पाच आकडे. ६०,००० ठोकळ्यांचे तीन लाख आकडे. अधिक बारीक पाहावयाचे म्हणून अर्ध्या मिलिमीटरचे ठोकळे केले तर त्यांची संख्या दुप्पट नव्हे, आठपट होते. का, ते घरी जाऊन काढा. एवढा हिशेब माणसाच्या हाताने आयुष्यात होणार नाही. संगणक तो करतो.

वाहणे पाहण्याच्या दोन रीती आहेत. नदीच्या पुलावर उभे राहून खालून जाणारे पाणी पाहावे, किंवा होडीत बसून पाण्याबरोबर जावे. संशोधक दोन्ही वापरतात. पुलावरच्या रीतीत ठोकळे जागच्या जागी राहतात, हत्याराची जागाही बदलत नाही, आणि पत्राच समोरून येऊन त्याच्याभोवती वाहत जातो असे मानतात. होडीच्या रीतीत ठोकळे धातूबरोबर चालतात. पण ढवळणे इतके जबरदस्त असते की ते पिळवटून जातात आणि पुन्हा पुन्हा नव्याने आखावे लागतात.

यात आणखी एक गाठ आहे. मऊ धातू पाण्यासारखा सगळीकडे सारखा वाहत नाही. तो किती तापला आणि किती जोराने मळला गेला यावर त्याचा घट्टपणा ठरतो. तापला की मऊ होतो. मऊ झाला की हत्याराला कमी विरोध करतो. विरोध कमी झाला की उष्णताही कमी निर्माण होते. म्हणूनच तापमान वितळण्याच्या खालीच राहण्याकडे कल असतो. निसर्गाने जणू स्वतःच लगाम घातला आहे. पण गणित करणाऱ्याची पंचाईत होते. तापमान कळल्याशिवाय प्रवाह कळत नाही आणि प्रवाह कळल्याशिवाय तापमान कळत नाही! मग एक अंदाजी तापमान धरतात, त्यावरून घट्टपणा, घट्टपणावरून प्रवाह, प्रवाहावरून उष्णता आणि उष्णतेवरून नवे तापमान काढतात. जुन्या आणि नव्या उत्तरात फरक पडेनासा होईपर्यंत हा फेरा चालू ठेवतात. चुकीच्या अंदाजापासून सुरुवात करून, दर वेळी सुधारत, बरोबर उत्तरापर्यंत जाण्याची ही रीत आहे. पाटी पुसून पुन्हा लिहिण्याची लाज वाटणाऱ्या विद्यार्थ्यांनी ती जरूर लक्षात ठेवावी.

पायरी-पायरीने उत्तराकडे जाण्याच्या अशा रीतीला 'अल्गोरिदम' म्हणतात. हा शब्द नवव्या शतकात बगदादमध्ये कार्य केलेले गणिती अल-ख्वारिझ्मी यांच्या नावाचे लॅटिन रूप आहे. 'अल्जिब्रा' हा शब्दही त्यांच्याच ग्रंथाच्या नावातील 'अल-जब्र' या शब्दावरून आला. अल-जब्र म्हणजे मोडलेले पुन्हा जोडणे. हाड बसविण्याच्या कामालाही अरबीत हाच शब्द वापरीत. जोडकामाचे गणित करणाऱ्या संगणकात जोडण्याच्याच अर्थाचा शब्द नांदावा, हा योगायोग मला मोठा गोड वाटतो. मात्र पूर्वजांचे नाव घेऊन आपले गणित सुटत नाही. ते आपल्यालाच सोडवावे लागते.

या हिशेबातून काय हाती लागले? धातूचा प्रवास दोन्ही बाजूंनी सारखा होत नाही. ज्या बाजूला हत्याराची कड पुढे जाण्याच्याच दिशेने फिरते ती पुढारती बाजू, आणि जिथे ती उलट दिशेने फिरते ती माघारी बाजू. पिनच्या समोरचा पुष्कळसा धातू माघारी बाजूने वळसा घालून मागे येतो. बोगद्याचा दोष बहुधा पुढारत्या बाजूला का सापडतो, याचे कारण या प्रवाहात आहे. कोणत्या वेगाला, किती रुंद खांद्याने, कसल्या आकाराच्या पिनने सांधा भरून येईल, हे शेकडो पत्रे वाया न घालविता आधीच अजमावता येते.

आपल्या महाराष्ट्राचाही यात हात आहे, हे सांगताना आनंद वाटतो. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीचे प्राध्यापक ताराशंकर देबरॉय यांच्या गटाने २००७ साली मऊ पोलादाच्या अशा जोडकामातील उष्णता आणि धातुप्रवाह यांचा तिन्ही मितींतला हिशेब प्रसिद्ध केला. पुढे २०११ साली याच गटाने आणि पवईच्या आय.आय.टी.मधील प्राध्यापक अमिताव डे यांनी मिळून, हत्याराचा खांदा नेमका किती रुंद असावा हे ठरविण्याची रीत अशाच गणिताच्या आधारे मांडली. खांदा अरुंद असला तर उष्णता कमी पडते. फार रुंद असला तर धातू इतका मऊ होतो की हत्यार त्याला नीट धरून फिरवू शकत नाही. या दोहोंमधला सुवर्णमध्य त्यांनी हिशेबाने शोधला, आणि इतरांनी स्वतंत्रपणे केलेल्या चाचण्यांतही त्याच मापाच्या हत्याराने सांधा सर्वांत मजबूत ठरला.

पालकहो, इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. संगणकाच्या पडद्यावर लाल, पिवळे, निळे असे सुंदर चित्र उमटते आणि पाहणारा भुलतो. ते चित्र म्हणजे सत्य नव्हे. हत्यार धातूला चिकटून त्याला बरोबर फिरविते की नुसते वरून घसरते, आणि घर्षण नेमके किती, हे आकडे कोणालाच सरळ मोजता येत नाहीत. ते धरावे लागतात. धरलेला आकडा चुकला तर लाखो बरोबर बेरजा करूनही उत्तर चुकतेच. म्हणून प्रामाणिक संशोधक आपले गणित पत्र्यावर ताडून पाहतो. मोजलेला पीळ आणि मोजलेले तापमान हिशेबाशी जुळते काय, हे तपासतो. १९९९ साली कॉलिगन या संशोधकाने सांध्याच्या वाटेवर पोलादाचे बारीक छर्रे पेरले आणि हत्यार गेल्यानंतर ते कुठे पोहोचले हे क्ष-किरणांनी पाहिले. २००१ साली सायडेल आणि रेनल्ड्स यांनी वेगळ्या मिश्रधातूच्या पट्ट्या खुणेसाठी घालून धातूचा वळसा उघड केला. काहींनी तर मुलांच्या खेळण्यातल्यासारखी रंगीत प्लॅस्टिसिनची माती ढवळून पाहिली. गणित हाताला वाट दाखविते आणि हात गणिताला खरे ठेवतो. माझ्या सांगण्याचे सार या एका वाक्यात आहे.

हा सांधा आज कुठे कुठे आहे? १९९९ साली डेल्टा-२ या अग्निबाणाचा असा जोडलेला भाग अवकाशाकडे झेपावला. अमेरिकेच्या स्पेस शटलच्या प्रचंड बाह्य इंधनटाकीतही पुढे या पद्धतीचे सांधे आले. जपानमध्ये रेल्वेच्या ॲल्युमिनियम डब्यांसाठी ती वापरली गेली. स्वीडनमध्ये अणुभट्टीतील वापरलेले इंधन जमिनीखाली खोल पुरून ठेवण्यासाठी ५ सेंटीमीटर जाड तांब्याचे डबे योजले आहेत. त्यांची झाकणे याच पद्धतीने बसविण्याचे तंत्र तिथे सिद्ध झाले. एक लाख वर्षांचा विचार करून लावलेले झाकण! तिथे 'वरून बरे दिसते' म्हणून चालत नाही.

म्हणून काय आपल्या गल्लीतील वेल्डिंगची दुकाने बंद पडणार? मुळीच नाही. या पद्धतीला जड, ताकदवान यंत्र लागते, पत्रे घट्ट आवळावे लागतात, आणि पोलाद जोडावयाचे तर हत्यार लवकर झिजते. त्यासाठीची खास हत्यारे महाग पडतात. ग्रील आणि जिने पुष्कळ काळ ठिणगीनेच जोडले जातील. ते काम इज्जतीचे आहे आणि राहील.

पण आपण फरक पाहा. ठिणगीच्या कामात कारागिराचा हात आणि डोळा मालक असतो. या नव्या कामात धातू हाताला लागत नाही आणि डोळ्याला दिसत नाही; तिथे फेरे, वेग, पीळ आणि तापमान या आकड्यांची भाषा वाचता येईल तोच कारागीर. ज्याला ती वाचता येत नाही तो यंत्राशेजारी उभा राहून पत्रे उचलून देईल. दोघेही घाम गाळतील, पण महिन्याच्या शेवटी दोघांच्या हातात सारखे पैसे पडणार नाहीत. आठवीनंतर मुलाला शाळेतून काढून वर्कशॉपला लावणारा बाप त्याला हुनर देतो, हे खरे. पण त्याच हुनराची पुढची अर्धी वाट त्याच्यासाठी बंद करतो, हेही खरे. मुलगा वेल्डर व्हावयाचा असेल तर जरूर व्हावा. मात्र दहावीचे गणित-विज्ञान पुरे करून, आय.टी.आय. किंवा डिप्लोमाचा दरवाजा उघडा ठेवून व्हावा. आणि मुलींच्या बाबतीत तर एक गोष्ट ध्यानात घ्या. संगणकावर धातूचा प्रवाह सोडविण्यास दंडाची ताकद लागत नाही. तिथे लागणारी चिकाटी आपल्या मुली दरवर्षी निकालपत्रात दाखवीत आल्या आहेत.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याकडे माझे एकच मागणे आहे. घरी वडील, चाचा किंवा मोठा भाऊ वर्कशॉपमध्ये असेल तर त्यांना विचारा, की सांधा कच्चा राहिला हे तुम्हाला कसे कळते? ते आवाजावरून सांगतील, रंगावरून सांगतील. ते ज्ञान पुस्तकात नाही. ते वहीत उतरवून घ्या. मग शाळेत येऊन गणिताच्या आणि विज्ञानाच्या गुरुजींना विचारा, की असे का होते? या दोन प्रश्नांच्या मध्ये जी जागा रिकामी आहे, तिथेच तुमचे उद्याचे काम आहे.